इथलेच आहात, त्याचा कागद आणा

यंदाच्या अंकाचा विषय 'पत्ता' ठरला तेव्हा संपादकांच्या मनात परदेशी स्थिरावलेली मराठी मुलं होती. पीआर कार्डाची मुदत संपत आली की त्यांची तारांबळ उडते. गेल्या पाच वर्षांत आपण नेमके किती दिवस तिथं होतो, याचे हिशेब पासपोर्टावरच्या शिक्क्यांवरून मांडले जातात. त्यावर लिहा, असं ते म्हणाले. मी हिंगोली मागून घेतली. कायमचं राहणं सिद्ध करताना माणसाची काय दमछाक होते हे पाहायला टोरांटोपर्यंत जायला नको. तहसील कार्यालयासमोरचं कुठलंही सेवा केंद्र पुरतं.

बारावीचे निकाल लागून गेलेले, नीटची यादी यायची, त्या दिवसांत हिंगोलीतल्या सेवा केंद्रांवर उभं राहायला जागा नसते. एका संगणकाभोवती सात-आठ माणसं. चालवणाऱ्या पोराच्या एका हाताला झेरॉक्सचं मशीन, दुसऱ्या हाताला अंगठ्याचं. समोरच्याच्या तोंडाकडे न बघता तो विचारतो, "टीसी आणली का? वडिलाची पण?" अर्जदार मुलगी टीसी पुढं करते. तो ती उजेडात धरतो, जन्मस्थळाच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, "हितं गावच नाई लिहिलं, ताई. शाळंतून निर्गम काढून आण." मुलीचा बाप मागून म्हणतो, "आमी तर जन्मापासून हितंच ऱ्हायलोत की." पोरगा वैतागत नाही. हे वाक्य तो दिवसभर ऐकत असतो. "तुमी ऱ्हायलेत हो काका, कागद ऱ्हायला का ते बघायलोय."

या दाखल्याचं पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. सगळे 'डोमेसाइल' म्हणूनच मागतात. राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य, ही त्यामागची अट. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला, त्यानुसार हा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. कागद पुरे असतील तर मिळतोही. अडतं ते 'त्रुटी'त. अर्ज डेस्कवर जातो, कारकून त्यावर एक शेरा मारतो आणि अर्ज संगणकातून मागं येतो. मोबाइलवर तसा संदेश येतो, पण मोबाइल नंबर बहुधा सेवा केंद्रवाल्याचा किंवा पुण्याला कामाला असलेल्या भावाचा असतो. आठवड्यानं माणूस "झालं का?" म्हणून विचारायला येतो तेव्हा त्याला कळतं की अर्ज त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलाय.

दारात दोघे-चौघे मुद्रांकवाले अजून दिसतात. शासकीय दाखल्यांसाठीच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही. २०२५च्या मार्चमध्ये महसूलमंत्र्यांनी ते पुन्हा एकदा जाहीर केलं. तरीही गावाकडून आलेला माणूस आधी विचारतो, "बॉण्ड किती रुपयांचा घिऊ?" फुकटातला कागद पक्का असतो यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याचा अनुभव पाहता त्याला फार नावं ठेवता येत नाहीत.

जिल्हा : परभणी

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. त्याआधी हा सगळा मुलूख परभणीत होता. त्यामुळे आज पंचविशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या जन्माच्या कागदावर 'जि. परभणी' असतं. तहसीलमधल्या कारकुनाला हे माहीत असतं. तो हसून सोडून देतो. पंचाईत होते ती बाहेर. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत कागद तपासणाऱ्या माणसाला जन्म परभणी जिल्ह्यातला, अधिवास हिंगोली जिल्ह्यातला आणि गाव मात्र एकच, हे कोडं सुटत नाही. तालुक्याच्या नावाचीही तीच गत. कुणी वसमत लिहितं, कुणी बसमत, इंग्रजीत शेवटी 'एच' असतो किंवा नसतो. बापाच्या टीसीवर एक, पोराच्या आधारवर दुसरं. माणूस त्याच गल्लीत जन्मून म्हातारा झाला तरी कागदावर तो तीन गावचा.

पैनगंगेवर इसापूरचं धरण झालं तेव्हा जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. तिथल्या म्हाताऱ्यांच्या कागदावरचं गाव आज नकाशात शोधून सापडायचं नाही. अशा वेळी कामाला येते शाळा. शाळा सोडल्याचा दाखला हरवला तरी प्रवेश-निर्गमाचं रजिस्टर राहतं. कपाटातल्या कापडी बांधणीच्या त्या रजिस्टरात पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव, आणि शाळा कधी व का सोडली हे सगळं एका ओळीत असतं. निम्म्या पोरांच्या सोडण्याच्या कारणात 'सतत गैरहजर' लिहिलेलं. मास्तरांनी शाईच्या टाकानं घातलेली ती ओळ पुढं तीन पिढ्यांना पुरते. जी आजी शाळेत गेलीच नाही, तिच्यापाशी ही ओळ नसते.

बागायतदाराला यातलं फारसं काही करावं लागत नाही, हे इथं सांगून टाकायला हवं. ज्याच्या नावावर सातबारा आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घर आहे, त्याचं राहणं न बोलता सिद्ध असतं. हळदीच्या पट्ट्या, सोसायटीच्या पावत्या, वीजबिलं. पुराव्याची त्याच्या घरी रेलचेल. रांगेत दिसतात त्या माहेराहून आलेल्या बाया, गायरानावर घर बांधलेले, आणि वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला जाणारे. जो हलला त्यालाच 'तू इथला कशावरून?' असं विचारलं जातं.

मुल्की आणि बाहेरचे

१५ वर्षांचा हा आकडा या भागाला नवा नाही. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली, इंग्रजांच्या देखरेखीखालच्या फौजेची छावणी. राज्य हैदराबादचं, दफ्तर उर्दूचं. त्या राज्यात सरकारी नोकरीत घेताना 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' असा भेद होता. १९१९च्या निजामी फर्मानानं तो नियमांत बांधला गेला. जन्मानं संस्थानचा प्रजाजन असेल तो मुल्की. बाहेरून आलेल्यानं मुल्की व्हायचं तर किमान १५ वर्षं कायमचं वास्तव्य, आणि शिवाय मूळ गावी परतायचा विचार सोडून दिल्याचं शपथपत्र, मॅजिस्ट्रेटच्या सहीचं. मुल्की माणसाची बायको आपोआप मुल्की.

हा नियम वाचताना मी थबकलो. किती दिवस राहिलास याबरोबर परत जायचं मनात आहे का, हेही विचारलेलं. मनातलं शपथपत्रावर कसं उतरवायचं हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनालाही पडला असणार. खोटे मुल्की दाखले सर्रास मिळतात, अशी ओरड तेव्हाही होती. पोलिस कारवाईनंतर बाहेरून अधिकारी आणि शिक्षक आले, हे दाखले आणखी स्वस्त झाले आणि १९५२च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद शहर पेटलं. विद्यार्थी 'गैरमुल्की गो बॅक'च्या घोषणा देत रस्त्यावर उतरले, सिटी कॉलेजजवळ गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा हिंगोली त्याच राज्यात होती.

१९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इथला मुल्कीचा विषय संपला. तेलंगणात तो पुढं १९७२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आणि त्यानंतरच्या आंदोलनांपर्यंत धगधगत राहिला. राज्यघटनेच्या १६व्या कलमानं वास्तव्यावरून सरकारी नोकरी नाकारायला मनाई केलीच होती. अपवाद करायचा तर तो संसदेनं. १९८४च्या प्रदीप जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आणखी स्पष्ट सांगितलं की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. राज्यं जे 'डोमेसाइल' म्हणतात ते खरं तर नुसतं वास्तव्य. सेवा केंद्रातल्या पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग साहेब, पोर्टलवरून रकाना काढायला सांगा ना त्येंना."

रकाना निघालेला नाही. राज्यातल्या भरतीच्या जाहिरातीत अधिवासाची अट आजही असते. तिला एक मोठ्या मनाचा अपवाद आहे: सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना तिथल्याच १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला चालतो. वैद्यकीय प्रवेशाचं तर सगळं गणितच वास्तव्यावर. २०२४ साली हिंगोलीत १०० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा इथल्या पालकांचे डोळे चमकले. राज्याच्या कोट्यातली जागा हवी तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, वर डोमेसाइल. त्यामुळे पोरगा शिकतो राजस्थानातल्या कोट्याला, त्याचं नाव असतं इकडच्या कुठल्यातरी कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर. दोन वर्षं तो राज्यात नसतो. कागद मात्र स्वच्छ. त्याला कुणी विचारत नाही. विचारलं जातं ते फडावर गेलेल्यांना. त्यांच्याकडे येतोच.

जुलै २०२४

सेवा केंद्रवाले आपल्या धंद्याचे दोन काळ सांगतात, लाडकी बहीणच्या आधीचा आणि नंतरचा. २८ जून २०२४च्या अर्थसंकल्पात महिन्याला १,५०० रुपयांची योजना जाहीर झाली आणि १ जुलैपासून अर्ज सुरू झाले. सुरुवातीच्या अटींत अधिवास प्रमाणपत्र होतं. पेरण्या चालू होत्या. बाया सोयाबीनची पेर अर्धी टाकून सकाळच्या एसटीनं तालुक्याला आल्या. सेनगाव, कळमनुरी, औंढा, सगळीकडे तहसीलच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. दोनच दिवसांत सरकारला अट सैल करावी लागली. डोमेसाइल नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, यातलं एक चालेल.

वरवर सोपं झालं. पण नवऱ्याच्या घरी आलेल्या बाईचं नाव रेशन कार्डावर कसं चढतं ते पाहा. आधी माहेरच्या कार्डातून नाव कमी करायचं. त्याचा दाखला माहेरच्या तहसीलमधून. तो घेऊन सासरच्या तहसीलला अर्ज. त्यासाठी आधारवर सासरचा पत्ता हवा, म्हणजे विवाह नोंदणी हवी. अनेकींचं नाव माहेरातून कमी होतं आणि सासरी चढायला तीन-चार वर्षं लागतात. मधल्या काळात ती कुठलीच नसते. आधारवर पत्ता बदलला की जुना पत्ता दिसेनासा होतो, आणि तसंही आधार कायद्याच्या ९व्या कलमातच लिहून ठेवलंय की आधार हा नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नव्हे.

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात तेलंगणातल्या भैंशाकडची एक सून भेटली. भैंसा म्हणजे नांदेडच्या सीमेला लागून, तिथं घराघरांत मराठी. ही बाई बोलते आपल्यासारखीच, टीसी मात्र तेलुगूत. "सेतूवाल्यानं उलटीसुलटी करून बघितली," ती हसत सांगते, "म्हणला, वैनी, फोटो तुमचाच हाय का येवढं सांगा." परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केलेल्या बायांना नवऱ्याचे कागद चालतील, अशी सोय शासनानं केली होती. तिचा अर्ज त्यातूनच मंजूर झाला. १९१९च्या फर्मानातली मुल्कीची बायको मला आठवली. पैसे मिळाले हे चांगलंच, पण तिचं इथलं राहणं आजही तिच्या नावावर नाही, नवऱ्याच्या नावावर आहे.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०२५मध्ये, त्याच योजनेसाठी ई-केवायसी आली. म्हणजे नूतनीकरणच. बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारावर येणारा ओटीपीही हवा होता. नवरा वारलेला, बाप आधीच गेलेला, अशी बाई सेवा केंद्रात बसून विचारते, "आता ओटीपी कोणाला मागू, दादा?" त्या पोराजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं.

फडावर

दिवाळी झाली की सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या तांड्यांवर मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक. भांडी, शेळी, कोंबड्या आणि लहान पोरं घेऊन ट्रक निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. २०२४ला गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. ज्यांच्या गाड्या मतदानाआधी सुटल्या ते त्या दिवशी कुठले मतदार होते, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तांड्यावरची बरीच घरं गायरानावर. नमुना आठला नोंद नाही, घरपट्टीची पावती नाही. हिवाळ्यात एखादं सर्वेक्षण आलं तर दाराला कुलूप, आणि कागदावर 'आढळून आले नाहीत'. उन्हाळ्यात हीच माणसं गावात असतात, पण तेव्हा सर्वेक्षण नसतं. एका तांड्यावर नाईकानं मला मुकादमाची वही दाखवली. तीत कुणी किती उचल घेतली, कुठल्या तारखेला गाडीत बसलं, किती दिवस आजारी पडलं, हे सगळं वर्षानुवर्षांचं लिहिलेलं. तांड्यातली माणसं कुठं कधी होती याचा इतका चोख हिशेब सरकारच्या कुठल्याही दप्तरात नसेल. २०२१ला ऊसतोड कामगारांना ओळखपत्रं द्यायचं ठरलं, ती ग्रामसेवकानं द्यायची, आणि अट अशी की किमान तीन वर्षं सलग ऊसतोड केलेली हवी. म्हणजे गावी नसल्याचा पुरावा गावाच्या ग्रामसेवकानं द्यायचा. या एकाच कागदात जाणं हा गुन्हा धरलेला नाही, म्हणून मला तो आवडला.

रेशनचं मात्र खरोखर सुधारलं, हे मान्य करायला हवं. ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्र आणि गुजरातची जोडी बांधून दुसऱ्या राज्यात धान्य द्यायला सुरुवात झाली आणि ती सोय पुढं देशभर पसरली. कार्ड हिंगोलीचं, गहू-तांदूळ कोल्हापूरच्या दुकानात. ई-केवायसीही कुठल्याही दुकानात होते. अडतं अंगठ्याशी. गावातल्या रेशन दुकानात पाहिलं: साठीच्या एका आजींनी ई-पॉसच्या काचेवर अंगठा टेकवला, मशीन 'पीं' करून लाल झालं. दुकानदारानं काच धोतराच्या फडक्यानं पुसली, आजींचा अंगठा आपल्या हातात घेतला, त्यावर खोबरेल चोळलं, पुन्हा टेकवला. लाल. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. उसाच्या पाचटानं आणि हळद काढणीच्या कुदळीनं बोटांवरच्या रेषा पुसून गेलेल्या. शेवटी डाव्या अनामिकेला हिरवं झालं. "हेच बोट ध्यानात ठिवा, मावशी," दुकानदार म्हणाला. आजी म्हणाल्या, "तू लिहून ठिव बाबा, मला काय ध्यानात ऱ्हातंय."

७३० दिवस

संपादकांचं मन राखायला वसमतच्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. मुलगा कॅनडात, सून तिथंच नोकरीला. हळदीच्या बाजारामागं त्यांचं घर. मुलाचं पीआर कार्ड पाच वर्षांचं. कार्डाची मुदत संपली म्हणून दर्जा जात नाही. पण कार्डाशिवाय परतीच्या विमानात बसू देत नाहीत, वेगळा प्रवासी कागद मिळवावा लागतो. आणि दर्जा टिकवायचा तर पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष तिथं असावं लागतं. गुरुजींच्या पत्नीचं दुखणं लांबलं तेव्हा मुलगा इथं येऊन राहिला होता. गुरुजींनी भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरवर त्याचे इथले दिवस पेन्सिलीनं खुणावून ठेवले होते. "पोरगा घरी आल्याचा आनंद करावा का त्याचे दिवस मोजावे?" असं ते म्हणाले, आणि मग तिथल्या नियमाचं कौतुकही त्यांनीच केलं.

मला ते पटलं. परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्याला पाचातली तीन वर्षं बाहेर राहिलं तरी चालतं, आणि उरलेल्या दोन वर्षांचा हिशेब सरळ दिवसांचा. इथं दिवस कुणी मोजत नाही, कागद मोजतात. गुरुजींचा मुलगा सहा वर्षं कॅनडात आहे; त्याचं महाराष्ट्राचं डोमेसाइल घरातल्या कपाटात अजून वैधच आहे. तांड्यावरची बाई दर उन्हाळ्यात परत येते आणि दर वर्षी तिच्याकडे नवा पुरावा मागितला जातो.

१९६१च्या आधी कुठं होता?

जातीच्या दाखल्याला तर माणसाचं स्वतःचं राहणंही पुरत नाही, बापजाद्यांचं लागतं. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधी घराणं महाराष्ट्रात कायम राहत होतं, असा पुरावा. भटक्याला 'तुझा आजा कायम कुठं राहत होता' असं विचारणारा नियम ज्यानं केला, त्यानं पाल कधी पाहिलं नसावं. नंतर गृहचौकशीची तरतूद आली. अधिकाऱ्यानं वस्तीवर जावं, शेजारच्या जाणत्यांचे जबाब घ्यावे, देवक, रीतीभाती, नातीगोती विचारावी आणि दाखला द्यावा. चांगला मंडळ अधिकारी असेल तिथं हे घडतं. औंढ्याकडच्या एका वस्तीवर असं घडलेलं ऐकलं. नाथजोग्यांची चार घरं, पंच म्हणून गावच्या दोन म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी सांगितलं, "यांचा आजा आमच्या खळ्यावर दरसाल यायचा. आमी सुपानं जवारी घालायचो." तेवढ्यावर दाखले झाले.

आता हैदराबाद गॅझेटियरच्या २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयानं कुणबी नोंदींसाठी गावागावांत समित्या आल्या. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशा तिघांनी स्थानिक चौकशी करायची. जमिनीचा कागद नसेल तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधी आपले पूर्वज त्या भागात राहत होते, असं शपथपत्र चालेल. त्यावरचा राजकीय वाद मोठा आहे, त्यात मी शिरत नाही. पण शेजाऱ्याची साक्ष आणि माणसाचा शब्द हा पुरावा धरायला सरकार तयार झालं, ही गोष्ट नाथजोग्यांच्या वस्तीवरच्या पोरांनी नीट लक्षात ठेवलीय. त्यातला एक बारावी झालेला मुलगा मला म्हणाला, "साहेब, त्यो जीआर पीडीएफमध्ये हाय का तुमच्याकडं? आमच्या दोन घरांचे दाखले अजून ऱ्हायलेत. तहसीलला दाखवायचाय." मी तिथंच उभ्या उभ्या त्याला पाठवला. रेंज नव्हती, मोटारसायकलवर बसून तो टेकाडावर गेला.